पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशन सोर्समधून बिल्ड करताना दर तीन महिन्यांनी येणारी तीच अडचण

लक्षण आधी सांगते, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय ना, ते कळेल. पोस्टग्रेस या डेटाबेसचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला, बिल्डची तयारी करणारं 'कॉन्फिगर' व्यवस्थित पार पडलं, डॉक, त्यात एसआरसी, त्यात एसजीएमएल अशा फोल्डरमध्ये जाऊन ब्राउझरची पानं बनवायला 'मेक एचटीएमएल' म्हटलं आणि काही सेकंदांतच ओळ आली: 'आय-ओ एरर, अटेम्प्ट टू लोड नेटवर्क एंटिटी'. तिच्या शेपटाला ओएसिस किंवा सोर्सफोर्ज या साइटचा एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता. खाली 'फेल्ड टू लोड एक्स्टर्नल एंटिटी'. मग मेक तिथेच थांबतं.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच टाकायच्या.

ही एरर पाहिली की प्रत्येक जण पहिल्यांदा एकच गोष्ट करतो. नेट गेलं असेल म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो आणि पुन्हा चालवतो. पुन्हा तेच. आमच्या नाशिकच्या अंबडमधल्या ऑफिसात सिंहस्थाच्या कामांसाठी समोरचा रस्ता खोदला होता, तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच झाली होती की फायबर तुटली म्हणून हे अडलंय. संध्याकाळी फायबर जोडली गेली. बिल्ड मात्र अडलेलंच राहिलं.

मुळात हे बिल्ड करायचंच कशाला, वेबसाइटवर सगळं असतंच की, असं कुणी म्हणेल. आमचं सॉफ्टवेअर चालतं ते द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये. पिंपळगाव बसवंतच्या पुढे एका ठिकाणी क्रेटची वजनं, ग्रेडिंग, पॅलेटची लेबलं हे सगळं एका सर्व्हरवर आहे आणि त्यात पोस्टग्रेस १६ आहे. जानेवारी ते मार्च तिथे रात्रंदिवस माल येतो. नेट कधी असतं, कधी नसतं. रात्री दोनला लेबलं छापायची क्वेरी अडली आणि बाहेर माल थंड ठेवणारा रीफर कंटेनर भरायला उभा असला, तर सर्व्हरशेजारच्या मशीनवर त्याच आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन हाताशी पाहिजे. म्हणून दर वेळी सर्व्हर अपडेट केला की आम्ही त्याच आवृत्तीचं एचटीएमएल सोर्समधून काढतो. पोस्टग्रेसच्या किरकोळ आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. त्यामुळे हा प्रश्नही आमच्याकडे तिमाहीच्या हिशेबाने येतो. कधी कधी मध्येच जास्तीची आवृत्तीही येते. २०२४ च्या नोव्हेंबरात १६.५ आली आणि आठवड्याभराने लगेच १६.६.

एरर जे सांगते आणि जे बिघडलेलं असतं

पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनचा सोर्स डॉकबुक नावाच्या एक्सएमएल पद्धतीत लिहिलेला आहे. फाइलींच्या नावापुढे एसजीएमएल दिसतं, पण ते जुन्या काळाचं राहून गेलेलं नाव. आवृत्ती ११ पासून आतला मजकूर पक्का एक्सएमएल आहे. मुख्य फाइल 'पोस्टग्रेस डॉट एसजीएमएल'. ती प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल आत ओढते. 'एक्सएमएललिंट' हे सगळं जोडून, डॉकबुकच्या नियमांवर तपासून, एक मोठी फाइल करतं. त्या फाइलवर 'एक्सएसएलटीप्रोक' डॉकबुकच्या स्टाइलशीट, म्हणजे पानं कशी पाडायची ते सांगणाऱ्या फाइली, चालवतं आणि हजाराहून जास्त एचटीएमएल पानं पाडतं.

आता नियमांची फाइल, म्हणजे डीटीडी, कुठली घ्यायची हे सोर्समध्ये पत्त्याने लिहिलेलं असतं: ओएसिसच्या साइटवरची डॉकबुक ४.५ ची डीटीडी. स्टाइलशीटचंही तसंच, सोर्सफोर्जवरचा पत्ता. हे पत्ते वाचून आपल्याला वाटतं की मशीन तिथे जाऊन फाइल आणणार. खरं तर तो पत्ता इथे नावासारखा वापरलेला असतो. जुन्या नाशकात अजून लोक अमक्याच्या वाड्यात राहतो असं सांगतात. तो वाडा कधीच पाडलेला असतो, जागेवर चार मजली इमारत उभी असते, पण जुन्या पोस्टमनला ते नाव म्हणजे कुठला जिना हे पाठ असतं. एक्सएमएलच्या दुनियेत हे पोस्टमनचं काम 'कॅटलॉग' नावाची फाइल करते. अमुक पत्ता मागितला तर आपल्याच डिस्कवरची तमुक फाइल दे, असं तिच्यात लिहिलेलं असतं. उबंटू आणि डेबियनवर ती 'ईटीसी' मधल्या 'एक्सएमएल' फोल्डरमध्ये 'कॅटलॉग' याच नावाने असते.

कॅटलॉगमध्ये नोंद सापडली नाही, तरच गाडी नेटकडे वळते. आणि नेटकडे जायचा रस्ता आता मुद्दाम बंद केलेला आहे. पूर्वी पॅकेज नसलं तरी एक्सएसएलटीप्रोक बाहेर जाऊन स्टाइलशीट आणायचं. संथ का होईना, बिल्ड व्हायचं. पुढे सोर्सफोर्जने फक्त एचटीटीपीएस ठेवलं आणि एक्सएसएलटीप्रोकला एचटीटीपीएस येत नाही. २०२३ च्या जानेवारीत पोस्टग्रेसच्या मंडळींनी दोन्ही प्रोग्रामना 'नोनेट', म्हणजे नेटवर जाऊ नको, हा पर्यायच लावून टाकला, तेव्हा चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांच्या शाखांतसुद्धा. म्हणजे घरात शंभर एमबीपीएसची लाइन असली तरी बिल्ड बाहेर जाणार नाही. 'एकदा चालू ठेव, उतरवेल आपोआप' हा जुना सल्ला आजही तोंडी फिरतो, आणि त्याच्यामागे पोरांचे तासच्या तास जातात. तो विसरा.

मला हा निर्णय मनापासून पटतो. नेटच्या भरवशावर उभं राहिलेलं बिल्ड आमच्यासारख्यांना ऐन हंगामात दगा देतं. आता निदान ते पहिल्या मिनिटाला सांगतं की घरात वस्तू नाही.

तपासायचं कसं

पहिलं, पॅकेज आहेत का. उबंटू किंवा डेबियनवर 'डॉकबुक-एक्सएमएल', 'डॉकबुक-एक्सएसएल', 'लिबएक्सएमएल२-युटिल्स' आणि 'एक्सएसएलटीप्रोक' ही चार हवीत. फेडोरा घराण्यात 'डॉकबुक-डीटीडीज', 'डॉकबुक-स्टाइल-एक्सएसएल' आणि 'लिबएक्सएसएलटी'. उबंटूवर 'डॉकबुक-एक्सएसएल-एनएस' नावाचं जुळं भावंड आहे. शोधताना तेही समोर येतं आणि शेवटी 'एनएस' आहे म्हणजे नवं असेल असं वाटून लोक तेच घेतात. त्याचे पत्ते वेगळे आहेत, पोस्टग्रेस जे मागतं ते त्यात नाही. साधंच घ्या.

दुसरं, आणि खरं काम इथे आहे: कॅटलॉगला थेट विचारायचं. 'एक्सएमएलकॅटलॉग' ही कमांड, पुढे कॅटलॉग फाइलचा पूर्ण पाथ, पुढे एररमध्ये आलेला पत्ता जसाच्या तसा, कॉपी-पेस्ट करून. उत्तर 'फाइल' ने सुरू होणारं आणि 'यूएसआर' मधल्या 'शेअर' मधल्या 'एक्सएमएल' फोल्डरकडे बोट दाखवणारं आलं, तर पोस्टमन जागेवर आहे. 'नो एंट्री' असं आलं, तर दुखणं सापडलं. डीटीडीचा पत्ता एकदा आणि स्टाइलशीटचा पत्ता एकदा, असं दोनदा विचारा. एक नोंद असते आणि दुसरी नसते, असंही मी पाहिलंय.

पॅकेज टाकलेलं असून नोंद का नसते? आमच्याकडे दोन वेळा दोन वेगळ्या कारणांनी झालं.

एकदा पावसाळ्यात पॅकेज टाकतानाच लाइट गेली. मशीनला यूपीएस नव्हता. लाइट आल्यावर पाहिलं तर डॉकबुकचे फोल्डर सगळे जागेवर, फाइली उघडून बघितल्या तर भरलेल्या. पण कॅटलॉगमध्ये नोंद घालायचं काम पॅकेज अगदी शेवटी करतं आणि ते राहून गेलं होतं. तिथे 'डीपीकेजी, डॅश डॅश कॉन्फिगर, डॅश ए' हे सुडोने चालवलं आणि अर्धवट राहिलेली पॅकेज पुरी झाली. त्याने भागलं नाही तर डॉकबुकची दोन्ही पॅकेज 'रीइन्स्टॉल' पर्यायाने पुन्हा टाकायची, नोंदी परत होतात.

दुसऱ्या वेळी आमच्या नव्या मुलाने पॅकहाऊसच्या मशीनवरच बिल्ड करायचं ठरवलं. तिथे नेट नाही, म्हणून माझ्या मशीनवरचा डॉकबुकचा आख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन गेला आणि त्याच जागी ठेवला. मला फोन, "ताई, फाइल तर समोर दिसतेय, तरी म्हणतंय लोड होत नाही." दिसणारच होती. फाइल घरात आली, पण नोंदवहीत नाव चढलं नाही. फोल्डर नुसता उचलून ठेवायचा नाही. 'डेब' फाइली, म्हणजे पॅकेजच्याच फाइली, घेऊन जायच्या आणि 'डीपीकेजी डॅश आय' ने टाकायच्या. डॉकबुक-एक्सएमएलला 'एक्सएमएल-कोअर' आणि 'एसजीएमएल-बेस' लागतात. त्या आधीपासून नसतील तर त्यांच्याही डेब सोबत घ्या.

नोंद व्यवस्थित आहे आणि तरीही तीच एरर येतेय, अशी वेळ आली तर 'एक्सएमएल कॅटलॉग फाइल्स' हे एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल पाहा, मधे अंडरस्कोर, सगळी मोठी अक्षरं. त्यात काही भरलेलं असेल तर मशीन नेहमीच्या कॅटलॉगऐवजी तिथे लिहिलेल्या ठिकाणी बघतं. कॉन्डा ही वेगळी पॅकेज-व्यवस्था वापरणाऱ्यांच्या मशीनवर हे हटकून होतं. तिचं वातावरण चालू असलं की तिचंच एक्सएमएललिंट आधी सापडतं आणि कॅटलॉगचा शोधही तिच्याच फोल्डरपासून सुरू होतो. 'टाइप, डॅश ए, एक्सएमएललिंट' दिलं की कुठलं कुठलं आहे आणि पहिला नंबर कुणाचा, हे कळतं. कॉन्डा डीअॅक्टिव्हेट करा, नवं टर्मिनल उघडा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. कॉन्फिगर परत चालवणं इथे टाळता येत नाही, कारण त्याने आधीच्या एक्सएमएललिंटचा पूर्ण पाथ लिहून ठेवलेला असतो.

मॅकवर होमब्रू या पॅकेज टाकणाऱ्या प्रोग्रामने डॉकबुक टाकलं असेल तर उलटा प्रकार. तिथे हे व्हेरिएबल आपल्यालाच भरावं लागतं. नव्या एम मालिकेच्या मशीनवर 'ऑप्ट, होमब्रू, ईटीसी, एक्सएमएल, कॅटलॉग' हा पाथ, जुन्या इंटेलवर 'यूएसआर, लोकल' खालचा.

एवढं करूनही कळत नसेल तर 'एक्सएमएल डिबग कॅटलॉग' हे व्हेरिएबल, तेही अंडरस्कोरने जोडून, एक करून बिल्ड चालवा. कुठली कॅटलॉग उघडली, कुठे शोधलं, सगळं पडद्यावर येतं. ओळी भरपूर असतात. घाबरू नका, 'डॉकबुक' शब्द शोधत खाली या.

कॉन्फिगरपाशीच अडणारे

काही जण मेकपर्यंत पोचतच नाहीत. सोर्स उघडला आणि थेट डॉकच्या फोल्डरमध्ये जाऊन मेक म्हटलं, तर 'मेकफाइल डॉट ग्लोबल' सापडत नाही अशी तक्रार येते. ती फाइल कॉन्फिगर बनवतं, म्हणून डॉक्युमेंटेशन हवं असलं तरी वरच्या फोल्डरमध्ये कॉन्फिगर चालवावंच लागतं. मग ते रीडलाइन नाही म्हणून थांबतं. ते टाकलं तर झेडलिब नाही. १६ पासून आयसीयूसुद्धा आपोआप धरलेलं असतं, ते नाही म्हणूनही थांबतं. डेटाबेस बनवायचाच नसेल तर या लायब्रऱ्या गोळा करत बसू नका. कॉन्फिगरला 'विदाउट-रीडलाइन', 'विदाउट-झेडलिब', 'विदाउट-आयसीयू' असे तीन पर्याय द्या, प्रत्येकाआधी दोन डॅश. सी कंपायलर मात्र लागतो. पर्लही लागतं, कारण एरर कोडचा तक्ता, कीवर्डचा तक्ता असे काही भाग पर्लच्या स्क्रिप्ट बिल्डच्या वेळी तयार करतात. १७ पासून बायसन आणि फ्लेक्स हे प्रोग्रामही हवेतच. आधी टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत, तयार मिळणाऱ्या काही फाइली आता तिथे नसतात.

कॉन्फिगर संपल्यावर वर जाऊन त्याच्या ओळी वाचायची सवय लावा. 'चेकिंग फॉर एक्सएमएललिंट' पुढे 'नो' असेल तरी कॉन्फिगर हसतमुखाने पुरं होतं. मग मेकच्या वेळी 'एक्सएमएललिंट इज मिसिंग ऑन युवर सिस्टम' येतं. आता पॅकेज टाकलं, तरी तीच ओळ परत येते, कारण कॉन्फिगरने 'नाही' असं लिहून ठेवलंय. पॅकेज टाकल्यावर कॉन्फिगर पुन्हा.

आणि एक प्रकार, ज्यात एररच नसते. जुनी पानं नकोत म्हणून कुणी एचटीएमएल फोल्डर हाताने उडवतं आणि मेक एचटीएमएल म्हणतं. उत्तर येतं, 'नथिंग टु बी डन'. फोल्डर तर नाही आणि हे म्हणतंय करण्यासारखं काही नाही! शेजारी 'एचटीएमएल-स्टॅम्प' नावाची रिकामी फाइल असते. पानं पाडून झाल्याची ती खूण असते आणि मेक तिच्याकडेच बघतं. ती काढा, किंवा 'मेक क्लीन' करून सुरुवातीपासून चालवा.

सोर्स कुठला घेतला

यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण बिल्ड अडलं तर निदान दिसतं. चुकीच्या सोर्सचं बिल्ड झालं तर ते सुंदर दिसतं आणि महिनाभराने अंगावर येतं.

२०२५ च्या जानेवारीत आमचा तोच मुलगा पॅकहाऊसवर होता. पॅलेटला नवे क्रमांक द्यायचे होते. त्याने आमच्याच ऑफलाइन डॉक्युमेंटेशनमध्ये 'यूयूआयडी-व्ही-सात' हे फंक्शन वाचलं, वेळेच्या क्रमाने वाढत जाणारे क्रमांक देणारं, अगदी हवं तसं. क्वेरी लिहिली. सर्व्हर म्हणाला, असं फंक्शनच नाही. त्याने स्पेलिंग तपासलं, कंस तपासले, परवानग्या तपासल्या, दीड तास. हमाल लेबलांसाठी थांबलेले. ते फंक्शन पुढे आवृत्ती १८ मध्ये येणार होतं आणि आमचा सर्व्हर १६. गिट क्लोन करताना, म्हणजे सोर्सच्या भांडारातून प्रत उतरवताना, कुठलीच आवृत्ती न सांगितल्यामुळे 'मास्टर' शाखा आली होती, जी कायम पुढच्या, अजून न निघालेल्या आवृत्तीची असते. पोराची चूक एवढीच की आम्ही दिलेल्या पानांवर त्याने विश्वास ठेवला.

तेव्हापासून आधी सर्व्हरवर 'शो सर्व्हर अंडरस्कोर व्हर्जन' चालवायचं आणि तोच आकडा घेऊन सोर्स आणायचा. गिटमध्ये प्रत्येक आवृत्तीला टॅग असतो. १६.६ साठी आरईएल, अंडरस्कोर, १६, अंडरस्कोर, ६. क्लोनच्या कमांडमध्ये 'ब्रँच' पर्यायापुढे हा टॅग द्यायचा आणि सोबत 'डेप्थ' एक. डेप्थ न दिल्यास कित्येक वर्षांचा इतिहास उतरतो, ज्याची पानं पाडायला काहीच गरज नाही आणि मोबाइल डेटावर तो परवडतही नाही. 'स्टेबल' ने संपणारी शाखाही असते, पण तिच्यात प्रसिद्ध आवृत्तीनंतरच्या दुरुस्त्या मिसळलेल्या असतात. मला टॅगच खात्रीचा वाटतो.

टारबॉल घेणार असाल तर त्याच फोल्डरमधली शा-२५६ ची छोटी फाइलही घ्या आणि तिच्यातली चेकसम, म्हणजे फाइल पूर्ण आली का ते सांगणारी खूण, जुळवून पाहा. नेट मधेच तुटलेला टारबॉल कधी कधी बऱ्यापैकी उघडतो आणि शेवटच्या काही फाइली नसतात. 'डब्ल्यूगेट डॅश सी' ने तुटल्या जागेपासून पुढे उतरवता येतं.

पीडीएफ

पीडीएफ हवी असेल तर ती पाडणारं 'एफओपी' पॅकेज आणि जावा लागतं. मग 'मेक पोस्टग्रेस-ए४ डॉट पीडीएफ'. मेमरी भरपूर खातं. मधेच मेमरी संपली म्हणालं तर होम फोल्डरमध्ये 'डॉट एफओपीआरसी' फाइल करून जावाला दीड जीबीपर्यंत मुभा द्यायची. मी एकदा एका प्रकरणात हंगामासाठी मराठीत टिपा घातल्या होत्या. एचटीएमएलमध्ये त्या छान दिसल्या, पीडीएफमध्ये अक्षरागणिक एकेक हॅश आला. एफओपीला देवनागरीचा फॉन्ट वेगळा सांगितल्याशिवाय तो तेच छापतो. आमचं काम एचटीएमएलने भागतं, म्हणून पीडीएफच्या नादी मी पुढे लागले नाही.

पॅकहाऊसवर नेताना एचटीएमएल फोल्डर सुट्टा कॉपी करू नका. हजारभर बारक्या फाइली पेन ड्राइव्हवर चढायला फार वेळ घेतात आणि एखादी राहिली तर पत्ताही लागत नाही. टार करून एकच फाइल न्यायची. पण टार करण्याआधी 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' ब्राउझरमध्ये उघडून पहिल्या पानावरचं शीर्षक वाचायचं. तिथे आवृत्ती लिहिलेली असते. पुढे 'डेव्हल' दिसलं तर मास्टर आलंय, परत टॅगपासून सुरुवात. सर्व्हरचा आकडा मी पेन ड्राइव्हच्या टोपणाला चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवते. शीर्षकातला आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळला की मगच टार.